पंचमीच्या शिबिरातला एक रिपोर्ट

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाई हमखास विचारते, "तुम्ही काय करता?" मी आधी तिला तोंडातला घास गिळू देते. मग सांगते, "बायकांच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी करते. आजार मोठा व्हायच्या आत पकडायचा, हा माझा धंदा." काही जणी लगेच पलीकडच्या बाईशी बोलायला लागतात. काही जणी मात्र हात धुवायच्या नळापाशी मला गाठतात आणि खाली बघत म्हणतात, "ताई, दोन साल झाले, अंगावरून पांढरं जाऊन राहिलंय." माझी निम्मी गिऱ्हाइकं मला नळापाशीच मिळाली.

या अंकासाठी लिहा म्हणाले तेव्हा संपादकांनी भीत भीत सुचवलं, की घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं काही बघा. मी म्हटलं, घरातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणूनच तर लिहायचं. नाहीतर बायकांनी बायकांत कुजबुजायचं काम आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या चालूच आहे, त्याला अंक कशाला पाहिजे?

मी लातूरजवळच्या मुरुडची लेक आणि नांदेडची सून. शिक्षण लॅब टेक्निशियनचं. दुसऱ्याच्या लॅबमध्ये अकरा वर्षं रक्त काढलं. तिथं बघायचे, बाई डॉक्टरची चिठ्ठी आठ घड्या घालून आणायची आणि काउंटरवरच्या पोराच्या हातात द्यायच्या ऐवजी तशीच परत जायची. चिठ्ठीवर गुप्तरोगाची तपासणी लिहिलेली असायची. ते बघून बघून डोकं फिरलं आणि नांदेडच्या वजिराबाद भागातल्या एका बोळात दोन खोल्या घेऊन मी माझी लॅब काढली. काउंटरवर बाई, रक्त काढायला बाई, झाडायलासुद्धा बाई. पाटी रंगवणाऱ्यानं 'गुप्तरोग' हा शब्द लिहायला साफ नकार दिला. म्हणाला, "मॅडम, माझं पण लेकीबाळीचं घर हाय." शेवटी ब्रश हातात घेऊन मीच लिहिला. अक्षर वाकडं आलं, पण आठ दिवसांत पहिली बाई ती पाटी वाचूनच आत आली.

माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून शबाना आहे. शिकलेली नर्स, हात हलका आणि जीभ जड. पेशी घेणं तिचं काम. स्लाइड तयार करणं माझं. त्या वाचायला पॅथॉलॉजीच्या डॉक्टर बाई आहेत. तपासणी म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगते. गर्भपिशवीच्या तोंडाला एक छोटा ब्रश फिरवायचा, त्याला लागलेल्या पेशी काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. बाईला दोन मिनिटं अवघडल्यासारखं होतं, दुखत जवळजवळ नाही. पेशी बिघडायला लागल्या असतील तर कॅन्सर होण्याच्या कितीतरी आधी कळतं, आणि तेव्हा बिघडलेला तेवढाच भाग काढून भागतं. हा बिघाड बहुतेक वेळा एका विषाणूमुळं होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो. एवढं सांगितलं की समोरची बाई पांढरीफटक पडते. "म्हणजे मी वाईट चालीची हाव का?" मग सांगावं लागतं, की अगं, आयुष्यात एकच नवरा केलेल्या बाईलाही तो येतो, नवऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं, आणि चालीचा यात काही संबंध नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की झोपेतही बोलत असेन.

नवऱ्यांबद्दलही एक सांगितलं पाहिजे. काही आजारांत गोळ्या दोघांनी घ्यायच्या असतात. बाई घेते, नवरा म्हणतो मला काय धाड भरलीय, आणि महिन्याभरात बाई परत दारात. म्हणून मी नियम केला, की डॉक्टरांनी दोघांना औषध लिहिलं असेल तर दोघांनी यायचं. एक गृहस्थ आले, पण हेल्मेट काढेनात. तोंडापुढची काच वर केली, गोळी टाकली, पाणी प्यायले, काच खाली केली आणि गेले. मी आजतागायत त्यांचा चेहरा पाहिलेला नाही. पण गोळी घेतली, मला तेवढंच पाहिजे होतं.

दुसरा नियम याहून कडक. बाईचा रिपोर्ट बाईच्या हातात. नवरा, सासू, भाऊ, कुणीही येऊ दे, नाही म्हणजे नाही. फोनवरही आजाराचा शब्द काढायचा नाही. या नियमावर माझी लॅब उभी राहिली, आणि मला त्याचा लई गर्व होता. पुढं सांगते ते त्या गर्वाचंच आहे.

लॅब चालली तशी मी एक जुनी अँब्युलन्स घेतली, आत टेबल आणि पडदा बसवला आणि गावोगाव तपासणीची शिबिरं सुरू केली. पहिल्या वर्षी गाडीपुढं कुत्रंही फिरकलं नाही. सुना घरातून निघायच्या तर सासूला काय सांगणार? तेव्हा मला एक युक्ती सुचली. आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतात. भाऊ न्यायला जातो, चार-आठ दिवस झोके, फेर, मेंदी. माहेरी लेकीला कुणी विचारत नाही, कुठं निघालीस म्हणून. शिबिर पंचमीच्या आठवड्यात ठेवायचं! किनवटकडच्या इस्लापूरला शाळेच्या आवारात गाडी लावली आणि काय सांगू, सकाळपासून रांग. मैत्रिणी मैत्रिणींना ओढत घेऊन आल्या. कुणी सांगून आलं झोक्याला जाते, कुणी देवळात. मी शबानाला म्हटलं, बघितलंस माझं डोकं?

त्या रांगेत मुक्ता होती. तिशीतली, काटक, इस्लापूरच्या बाहेर एका वस्तीवर तिचं माहेर. तिला सहा वर्षांची एक मुलगी होती आणि दुसरं मूल पाहिजे होतं, राहत नव्हतं. मी मुरुडची आहे असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा ती हसली. "मग तुमी माझ्या सासरच्या!" मागं चाळीस बायका उभ्या होत्या, जास्त बोलायला वेळ नव्हता. फॉर्मवर तिनं नाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं, वस्तीचा पत्ता दिला आणि भावाचा मोबाईल नंबर दिला. आधार कार्ड आम्ही मागत नव्हतो. मागितलं की बायका येत नाहीत.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. मुक्ताच्या पेशी बऱ्याच बिघडलेल्या होत्या. डॉक्टर बाईंनी खाली लिहिलं होतं, लवकरात लवकर पुढची तपासणी करावी. मी फॉर्म काढला आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचमी संपली, लेकी सासरी गेल्या. माझ्याकडच्या सगळ्या फॉर्मांवर पत्ते होते माहेरचे. बाकीच्यांचे रिपोर्ट बरे होते, पोचले काय अन् न पोचले काय, फार बिघडणार नव्हतं. ही एकच सापडायला पाहिजे होती.

मी तिच्या भावाला फोन लावला. म्हटलं, मुक्ताताईंचा एक कागद माझ्याकडं आहे, त्यांना माझ्याशी बोलायला सांगा. कसला कागद, त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते त्यांनाच सांगीन. सासरचा नंबर द्या. त्यानं विचारलं, तुम्ही कोण. मी नाव सांगितलं, नांदेडहून बोलते म्हणाले. लॅब म्हटलं नाही, लॅब म्हटलं की पुढचा प्रश्न येतो. त्यानं बरं म्हणून फोन ठेवला. नंतर पाच-सहा वेळा लावला, त्यानं उचललाच नाही.

गावात चौकशी करायचीही पंचाईत. मी कुणाला विचारलं की गाव मला विचारणार, का शोधताय? अंगणवाडीच्या बाईंना एवढंच ठाऊक होतं, की लातूरकडं दिलीय. शबानाला मात्र आठवलं. "ताई, तुमच्या गावची सून हाय ना ती." मग मुरुडच्या आसपासच्या तीन-चार ओळखीच्या आशाताईंना मी फोन केले. मुक्ता नावाची सून, माहेर किनवटकडचं. सगळ्यांनी आपापल्या वह्या बघून सांगितलं, आमच्याकडं अशी कुणी नाही.

मी मनाशी म्हटलं, दिवाळीला येईल की माहेरी, तेव्हा गाठू. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शबानाला घेऊन वस्तीवर गेले. मुक्ता आलेली नव्हती. भाऊ दारातच उभा राहिला, नारायण त्याचं नाव. पस्तिशीचा, अंगावर कापूस वेचणीची धूळ. आत या म्हणाला नाही.

"ताई, आमच्या बहिणीनं चार साल झाले, हक्कसोड करून देल्लंय," तो म्हणाला. "आता तुमी तिला कोणता कागद द्यायलाव?"

मला समजायला क्षणभर वेळ लागला. त्याला वाटत होतं, मी वकिलाकडून आलेय. बहिणीला जमिनीत हिस्सा मागायला फितवणारी नांदेडची कुणी बाई. मला खरं तर हसू आलं. मी म्हटलं, "दादा, जमिनीचं काही नाही." तो म्हणाला, "मंग कशाचं हाय ते सांगा." मी म्हटलं, "ते त्यांनाच सांगीन."

त्यानं दार लावून घेतलं. गाडीत बसल्यावर शबाना म्हणाली, तब्येतीचं हाय एवढं तरी बोलायचं होतं. मी तिच्यावर खेकसले. एकदा भावाला सांगितलं की भाऊ मेव्हण्याला सांगतो, मेव्हणा आईला, आणि मग पोरीला घराबाहेर काढतात. असं झालेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. माझं म्हणणं चूक नव्हतं. पण ते नारायणला बघून मी म्हणत नव्हते, आधीच्या दहा जणांना बघून म्हणत होते.

यानंतरचं लिहायला जड जातं. त्या हिवाळ्यात शिबिरांची रांग लागली. मुक्ताचा रिपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात होता. खण उघडला की दिसायचा आणि मी म्हणायचे, उद्या बघू. आशाताईंनी नाही म्हटलंय, भाऊ बोलत नाही, मी तरी काय करू? माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालतो. असे चार महिने गेले.

फाल्गुनात चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला मुरुडला गेले. आठवडी बाजाराचा दिवस होता. बांगड्या भरायला आमच्या कासारीण मावशीकडं बसले. आसपासच्या दहा गावांच्या सुनांचे हात तिनं धरलेले. सहज विषय काढावा तसं मी विचारलं, की मावशी, मुक्ता नावाची कुणी सून इकडं आहे का, किनवटकडची. मावशीनं मान वर केली नाही.

"नावावर कशाला धुंडून राहिलीस, कुसे? नाव तर सासरी बदलत्यात. गावावर इचार."

मी नांदेडला सुनंदा आहे. पाटीवर सुनंदा, सहीत सुनंदा. मुरुडला मात्र मला कुणी सुनंदा म्हणत नाही, इथं मी कुसुम. लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवऱ्यानं माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी शेजारीच बसले होते. आणि मी, बायकांच्या नावानं धंदा करणारी बाई, सात महिने एका सुनेला तिच्या माहेरच्या नावानं सासरात शोधत होते. आशाताईंच्या वह्यांत ती असणार कशी? मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मावशीला बांगडी पुरी चढवू दिली नाही.

मावशीला दोन मिनिटं लागली. सहस्रकुंडाच्या धबधब्याकडची एक सून हाय, तिकडच्या गोष्टी सांगती. सहस्रकुंड म्हणजे इस्लापूरच्या जवळच. गाव मुरुडपासून तीन कोस. सासरचं नाव अश्विनी. तिथल्या आशाताईंना मी फोन केलेला होता आणि अश्विनी त्यांच्या शेजारच्याच गल्लीत राहत होती.

दुसऱ्या दिवशी आशाताईंनी तिला लसीच्या कार्डाचं निमित्त करून बोलावलं. आली. वाळली होती. मला बघून आधी ओळख पटली नाही, मग पटली. मी रिपोर्ट पुढं ठेवला आणि समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, संबंधानंतर रक्त जातं, दिवाळीपासून. कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, दिवाळीला माहेरी का नाही गेलीस? तर म्हणाली, दादा न्यायलाच आला नाही. पहिल्यांदाच असं झालं. भाऊबीजेला दारात उभं राहून वाट बघितली. सासू दिवसभर टोमणे मारत होती. आपलं काय चुकलं, तेच कळेना.

मला कळलं होतं. पण तेव्हा मी बोलले नाही.

पुढची तपासणी लातूरला झाली. कॅन्सर होता, अगदी पहिल्या पायरीवरचा. पिशवी काढावी लागेल म्हणाले. ऑपरेशन झालं आणि आज ती बरी आहे, वेळच्या वेळी तपासणीला येते, हे आधीच सांगून टाकते, उगीच कुणाच्या जिवाला घोर नको. पण तिला दुसरं मूल पाहिजे होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं, सात महिने आधी आली असती तर? ते म्हणाले, नक्की कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित तेवढाच भाग काढून भागलं असतं. हे 'कदाचित' मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डात होते. नवरा टेम्पोवर, सासूनं सकाळी डबा देऊन पाठ फिरवली होती. मुक्तानं स्वतः नारायणला फोन करून बोलावून घेतलं होतं. एवढंच म्हणाली होती, ये. तो इस्लापूरहून निघून लातूरला पोचला, हातात केळी, चेहरा उतरलेला. मला बघून दारात थबकला.

मुक्ता मला म्हणाली, "तुमीच सांगा त्याला. माझ्यानं होत न्हाई."

मग मी सांगितलं. पिशवी म्हणजे काय, तिचं तोंड कुठं असतं, पेशी कशा बिघडतात, विषाणू कसा येतो, सगळं. बहीण समोर खाटेवर बसलेली. एखाद्या बाईच्या भावाला मी हे आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. मला वाटलं, उठून जाईल. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हंजे तुमी फोन केला, दिवाळीला आल्या, ते ह्याच्यासाठी?"

मी हो म्हणाले.

"मला वाटलं जमिनीचं हाय." त्यानं बहिणीकडं बघितलं. "म्हणून तुला न्यायला आलो न्हाई. म्हटलं, तुला इकडं आणलं की ही बाई गाठील."

नारायणनं डोळे पुसले, न लपवता. मग मला विचारलं, "माझी आई हाय, बायकू हाय. त्यांची बी करता येईल का तपासणी? कवा आणू?" मी वार सांगितला. त्यानं तो मोबाईलमध्ये टिपून घेतला आणि केळी धुवायला नळावर गेला.

तो गेल्यावर मी मुक्ताची माफी मागितली. म्हटलं, रिपोर्ट बाईच्याच हातात द्यायचा हा माझा नियम आहे, तुझ्या भल्यासाठीच पाळला. फक्त हे नाव बदलण्याचं माझ्या ध्यानात आलं नाही, म्हणून उशीर झाला. आता फॉर्मवर दोन्ही नावं घेते, दोन्ही गावं घेते. मी बोलत राहिले. तिनं मला थांबवलं. आवाज चढवला नाही, रागही नव्हता.

"नावाचं जाऊ द्या, मॅडम," ती म्हणाली. "माझ्याकडं सासूचा नंबर होता, नवऱ्याचा होता. मी दादाचा दिला. त्याला सांगितलं तर चालंल म्हणूनच दिलता ना?"